अकराची बॅच

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. भीमराजचं पीक श्रीरामपूरभर विकलं जात होतं, फक्त घरातलं एकुलतं एक गिऱ्हाईक ढुंकून बघत नव्हतं.

जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये त्याची जिम होती. गावातल्या बाकीच्या जिममध्ये आरसे, दणदणीत गाणी आणि दंड फुगवणारी पोरं. याच्याकडे सहा-सहा माणसांच्या बॅचा. सातवा माणूस आमदाराची चिठ्ठी घेऊन आला तरी त्याला जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागे. प्रत्येकाचं वेगळं कार्ड आणि त्यावर त्याच्यापुरता व्यायाम. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, चर्चजवळच्या नर्सबाई, भाजीवाली, मास्तर अशी माणसं तिथं येत आणि वर्षभरात एकमेकांच्या घरच्या बारशाला जाऊ लागत. भीमराजला याचा फार अभिमान होता. तो त्याने लपवला होता असंही नाही.

आणि या भीमराजची सख्खी आई, विमलबाई, चार वर्षांत एकदाच जिमची पायरी चढली होती. उद्घाटनाला. पेढा खाल्ला आणि परत.

तीस वर्षं अंगणवाडीत पोरं उचलून तिचे गुडघे गेले होते. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि वाचायला विमलबाईच असे. सगळ्यांसोबत सतरंजीवर मांडी घालून, खणखणीत आवाजात. दोन वर्षांपूर्वी एकदा वाचून झाल्यावर तिला उठताच येईना. दोन बायांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. त्यानंतर ती दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागली आणि वाचन सुटलं.

"खुर्चीवरूनच वाच की," भीमराज म्हणाला होता.

"समदी खाली बसनार अन् मी वर बसून वाचू? शोभतं व्हय?"

मग भीमराजचा रोजचा पाढा सुरू झाला. आई, वजन कमी कर. आई, भात कमी खा. आई, जिमला ये. ती म्हणायची, "बघू." मराठी आई 'बघू' म्हणाली की विषय संपला, हे पोराला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. तरी तो दोन वर्षं म्हणतच राहिला.

अशात पंकजा आली. राजूरकडची, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेली, स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. भीमराजने तिला बायकांची अकराची बॅच दिली. कार्ड कसं लिहायचं, कोणाला कधी थांबवायचं, सगळं त्यानेच शिकवलं. एक दिवस ती जिमची किल्ली द्यायला घरी आली, तेव्हा विमलबाई लसूण सोलून पलंगाच्या पायाला धरून उठत होती. पंकजा दारातच थांबली. विमलबाईचं उठून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करायचंय?"

"मला विहारात खाली बसून वाचायचंय," विमलबाई म्हणाली. "अन् कुनाचा हात न धरता उठायचंय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती जिममध्ये हजर.

भीमराजला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिल्या दिवशी. मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. दोन वर्षं मी घसा कोरडा केला आणि ही आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेली पोरगी एक वाक्य बोलते काय आणि आई साडीखाली बूट घालून येते काय! घरी जेवतानाही तेच. "मॅडम म्हनल्या, आधी कुशीवर वळायचं." "मॅडम म्हनल्या, घाई न्हाई." वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं तरी आता मॅडमचा विषय निघत होता. जिममध्ये तर आईने कहर केला. भीमराज समोर आला की ती त्याला "सर" म्हणायची आणि बाकीच्या पाच बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

तो ऑफिसच्या काचेतून बघत राहायचा. पंकजा आईला खाली बसवायची, कुशीवर वळवायची, एक पाऊल रोवायला लावायची आणि हात टेकायला समोर स्टूल ठेवायची. आधी उंच, मग बुटकं. स्वतः दोन हात लांब उभी राहायची, हात पाठीमागे बांधून. आई धापा टाकत, ओठ चावत उठायची आणि पाचही बाया टाळ्या वाजवायच्या. भीमराजला टाळ्या टोचायच्या. आपल्या आईला उठवायची विद्या आपली, गोडाऊन आपलं, स्टूलसुद्धा आपलं!

मेच्या शेवटी आई एकदा बिनस्टुलाची उठली. ते त्याला घरी आल्यावर कळलं, तेही आईने फोनवर तिच्या बहिणीला सांगताना. त्याच रात्री त्याने पंकजाला मेसेज टाकला: उद्यापासून अकराची बॅच मी घेतो, तू संध्याकाळची घे. कारण दिलं नाही. कारण लिहिण्यासारखं नव्हतंच.

पंकजाने उत्तर पाठवलं, "चालेल सर. मावशींना हात देऊ नका." तो अजूनच पेटला. आता ही मला शिकवणार!

सकाळी आईसमोर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आई खाली बसली, कुशीवर वळली, पाऊल रोवलं. अर्ध्यावर आली आणि तिचा गुडघा थरथरला. भीमराजला पुढचं काही आठवेना. त्याने झेप घेऊन तिला काखेत धरलं आणि उभं केलं.

"झालं की," तो म्हणाला.

नर्सबाईंनी खाली बघितलं. टाळी कुणी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने मनाशी शपथ घेतली आणि तरी त्याचा हात पुढे गेलाच. चौथ्या दिवशी आईने स्टूल मागून घेतलं, पाचव्या दिवशी उंचवालं. ज्या माणसाने चार वर्षं दुनियेला सांगितलं की पडायच्या बेतात असलेल्या माणसाला स्वतः सावरू द्या, त्याला आईचा थरथरता गुडघा दोन सेकंद बघवत नव्हता. आषाढ पौर्णिमा महिन्यावर आली होती आणि आई एप्रिलमध्ये होती तिथं परत जाऊन पोचली होती.

सहाव्या दिवशी बॅच सुटल्यावर ती बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. तो जवळ गेला.

"आई, माझं काही चुकतंय का?"

"तुझं न्हाई. माझंच." ती नाडीशी खटपट करत राहिली. "तू म्होरं दिसला का माझा हात आपसूक तुझ्याकडं येतो. तुझे वडील गेल्यापून त्याला तीच सवय. मॅडमकडं न्हाई येत."

त्याने वाकून ती नाडी सोडली. आईवर रागवावं की तिच्या पायावर डोकं ठेवावं हे त्याला कळलं नाही. त्याला मान दिल्यासारखंही वाटत होतं आणि हाकलून दिल्यासारखंही.

संध्याकाळी त्याने पंकजाला एवढंच सांगितलं, "अकराची बॅच तू घे."

"बरं सर," ती म्हणाली. तिने विजयाचा चेहरा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने नुसतं आईचं कार्ड मागून घेतलं. पुढचा महिना भीमराज रोज अकरा वाजता काही ना काही काम काढून बाजारात जात होता. काचेमागे थांबायची त्याची ताकद नव्हती.

आषाढ पौर्णिमेला विहार भरलं. पंकजाही आली, आईनेच आग्रहाने बोलावलं होतं. वंदना झाली. त्रिशरण, पंचशील सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. मग विमलबाई, पांढऱ्या साडीत, सतरंजीवर हळूहळू खाली बसली आणि दोन वर्षांनी तिचा आवाज विहारात घुमला. भीमराज मागच्या भिंतीला टेकून बसून ऐकत होता. त्याला एक शब्द कळला नाही. तो फक्त शेवटाची वाट बघत होता.

ग्रंथ मिटला. विमलबाई कुशीवर वळली. पाऊल रोवलं. गुडघा थरथरला आणि भीमराजने स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले. आईची नजर वर झाली, माणसांवरून फिरली, त्याच्यावरून पुढे सरकली आणि पंकजावर जाऊन थांबली. पंकजाने हात पाठीमागे बांधले होते. आई उभी राहिली.

त्याच्यावरून सरकलेली ती नजर त्याला सुईसारखी लागली. एवढ्या मोठ्या आनंदाच्या क्षणी माणूस इतक्या हलक्या मनाचा असू शकतो, याची त्याला स्वतःचीच किळस आली.

विहारातले सगळ्यात ज्येष्ठ रंगनाथकाका काठी टेकत आले. "विमल, लई भारी! पोरानं उभं केलं म्हन की आईला. जिमवाला पोरगा असावा तर असा."

पंकजा शेजारीच होती. विमलबाईने तिच्याकडे बघितलं, मग भीमराजकडे.

"व्हय काका," ती म्हणाली. "माझ्या पोरानंच केलं."

खोटं बोलणार नाही, हे शील तासाभरापूर्वी तिने सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटलं होतं. तीस वर्षं अंगणवाडीतल्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. पंकजासाठी ती बिनहाताची उठली होती, पण पंकजासाठी ती खोटं बोलली नसती. जगात कुणासाठीच बोलली नसती. भीमराजला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त, कुणाला सांगता येणार नाही इतका, आनंद झाला. तो त्याने थोडा वेळ मनसोक्त उपभोगून घेतला.

मग तो म्हणाला, "न्हाई काका. मॅडमनं केलं. मी नुसता मधीमधी येत हुतो."

"गप रं," आई म्हणाली आणि चालताना आधाराला त्याचा हात धरला.