हात न लावता

कल्याण तुषारचाच चेला; त्याला लाथ मारायला तुषारनेच शिकवलं. बेलापूरच्या शाळेच्या मैदानात, उन्हात, रट्टे देऊन. तोच कल्याण पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून 'ची' घेऊन आला. ची म्हणजे अंगातली ऊर्जा, म्हणे. हात न लावता समोरचा आडवा. तुषारचा कराटे क्लास ओस पडला. तेही त्याने गिळलं असतं, पण त्याची स्वतःची लेक यशोधरा कल्याणकडे जायला लागली आणि तुषारच्या अंगाची लाही लाही झाली.

"पप्पा, मी खरंच पडले. पायच उचलले गेले."

"तुला पडायचं हुतं म्हणून पडलीस."

"तुमी जळता सरांवर."

जळत होताच. काल-परवापर्यंत गावात 'सर' एकच होता.

रविवारी ग्रामपंचायतीपुढे कल्याणचं प्रात्यक्षिक झालं. पोरं धडाधड पडत होती. तुषार गर्दीतून सरळ पुढे गेला.

"मला पाड."

कल्याण चपापला. मग वाकून त्याने तुषारचे पाय धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणने हात फिरवले, श्वास ओढला, तळवे पुढे रेटले. तुषारने जांभई दिली.

"बघा," तो लोकांकडे वळला. "थोतांड हाय सगळं."

"आसं कसं मास्तर?" पुढे बसलेला चहावाला गोरक्ष म्हणाला. "त्यानं आदी पाय धरले तुमचे. गुरूवर ची चालंल व्हय?"

"तर काय," त्याच्या शेजारची रंगुबाई म्हणाली. "मास्तरात लई आसंल. म्हणून तर हलले न्हाईत."

माना डोलल्या. कल्याणनेही डोलवली, हात जोडून, भामट्याने. तुषार पडला नाही म्हणूनच ची खरी ठरली.

घरी जाताना यशोधरा बापाच्या बरोबरीने चालत होती. कित्येक दिवसांनी.

"एवढी ची हाय तुमच्यात आन् सांगितलं न्हाई? मला शिकवाल?"

असलं काही नसतं, एवढंच म्हणायचं होतं. आजवर तेच तर ओरडून सांगत आला होता, आणि ऐकायला मैदानात कुत्रं उरलं नव्हतं. तुषारने मागे पाहिलं. कल्याणला कोणी पाण्याची बाटली देत होतं, कोणी त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढत होतं.

"त्याच्याकडं परत जायचं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई जात."

"मग शिकवतो."