दुपारची एक रिंग

तोआनच्या गळी नवा फोन उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले.

"जुना काय मेलाय?" तो म्हणाला. "समुद्रात पडला तरी वाजतो तो."

"उद्यापासून नाही वाजणार. जुनं नेटवर्क बंद करतायत. सिंगापूरवाल्यांनी कधीच केलं, आता आपल्या व्हिएतनामची पाळी. अरे, कंपनीनं फुकट दिलाय, घे की!"

"फुकट म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार."

असा माझा नवरा! शेवटी संध्याकाळी मीच, त्याच्या नकळत, त्याच्या जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढून नव्यात घातलं आणि नवा फोन सासऱ्यांच्या तसबिरीपुढे ठेवला. घरात आलेली नवी वस्तू आधी पूर्वजांना दाखवायची, मग वापरायची. "सकाळी तिथून उचल," असं त्याला बजावलं. पहाटे उठून तसबिरीपुढे अगरबत्ती लावली आणि बंदरावर मासळी निवडायला गेले. तो मागाहून होडी घेऊन एकटाच निघणार होता, उत्तरेच्या खडकांपलीकडे, माकुळं धरायला.

तो समुद्रावर असला की आम्ही बोलत नाही, नुसती रिंग देतो. उचलायची नाही. दुपारी माझी एक रिंग, म्हणजे घरी सगळं ठीक. लागोपाठ दोन, म्हणजे असशील तसा परत ये. अर्ध्या गावाची हीच रीत आहे.

दुपारी मी एक रिंग दिली. तिकडे फोन छान वाजला.

"नेला बाई एकदाचा नवा फोन!" मी शेजारणीला म्हटलं. जीव भांड्यात पडला.

आणि थोड्याच वेळात बंदरावरचा भोंगा ओरडायला लागला. वादळानं दिशा बदलली होती, संध्याकाळच्या आत ते आमच्यावर येणार होतं. मी लागोपाठ दोन रिंग दिल्या. दोन्ही वाजल्या.

साउकाका त्यांची मोठी बोट सुरू करत होते. "लुआ, तोआनला आणू का गं? खडकांकडे जायचं तर आत्ताच निघायला हवं."

"नको काका, त्याला कळवलंय. तुम्ही दक्षिणेकडच्या पोरांना आणा, त्यांच्याकडे फोनच नाहीत."

काका दक्षिणेला गेले. मी छपरावर वाळूच्या पिशव्या ठेवायला घरी धावले.

दार उघडलं, तर तसबिरीपुढे नवा फोन. वर अगरबत्तीची राख पडलेली. माझ्या सगळ्या रिंग त्याच्यातच येऊन पडल्या होत्या.

तोआनच्या खिशात तो जुना, सिमकार्ड नसलेला रिकामा डबा होता. तो वाजला नाही, म्हणजे परतायचं कारण नाही, असं समजून हा बाबा निवांत माकुळं ओढत बसला असणार. आणि काकांना दुसरीकडे कोणी पाठवलं? मीच. माझ्याच तोंडानं.

माझा आणि तो नवा, दोन्ही फोन घेऊन मी धक्क्यावर पळाले. पहारेकऱ्याचे पाय धरले.

"ताई, या वाऱ्यात आता एकही बोट सोडता येणार नाही," तो म्हणाला.

लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या. मी तोआनला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, मग स्वतःला. उत्तरेकडे काळोख दाटून आला होता. त्यातून एक होडी आली, कलंडत, पाणी घेत. निळा रंग. आमचीच!

तोआन ओलाचिंब वर चढला. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच माझे खांदे धरले.

"काय झालं तुला?"

"मला? मला काय होणार?"

"दुपार टळली तरी रिंग नाही. म्हटलं, तू पडलीस की काय कुठे. जाळं तिथेच कापून टाकलं आणि निघालो."

"मेल्या, वादळ आलंय!"

"ते वाटेत कळलं."

"आणि नवा फोन का नाही नेलास?"

"अगरबत्ती जळत होती. विझायच्या आत बाबांपुढून कसा उचलू?"

अगरबत्ती तर मीच लावली होती. मी त्याच्या छातीवर बुक्के मारले आणि सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. तो तसाच उभा राहिला. मग माझ्या हातातून नवा फोन घेऊन त्यानं शर्टाच्या खिशात टाकला.

"वाजव बघू," तो म्हणाला. "दुपारची राहिलीय."

मी माझा फोन काढला. एक रिंग दिली.