बटनवाला कॅमेरा

पचमढीला फिरायला जायचं ठरलं आणि तिगावच्या उत्तमच्या घरात कोणता कॅमेरा घ्यायचा या चर्चेने सगळ्यांचं डोकं उठवलं. मुलगा सुमेध आठवडाभर मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहत होता आणि जेवायला बसलं की सगळ्यांना शिकवत होता. उत्तम पांढुर्णा नगरपालिकेच्या नळखात्यातला माणूस. त्याला एवढंच कळलं, की कॅमेऱ्यात काच असते आणि काच फुटते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल त्याचा एकच प्रश्न असायचा, "पडला तर?"

यमुनेला मात्र कोणी काही विचारलं नाही. यमुना उत्तमची बायको. तिने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. घरातले मोबाईल तिचं बोट ओळखतच नसत. वर्षानुवर्षं कापूस वेचला, बोंडांची सुकलेली टोकं टोचून टोचून बोटांची कातडी अशी निबर झाली, की तिने कितीही दाबलं तरी काच ढिम्म. फोन वाजला तरी उचलायला लेकीला, सुप्रियाला हाक मारावी लागे.

आणि आता सुप्रियाच चालली होती. नर्सिंग झालं, जबलपूरच्या दवाखान्यात नोकरी लागली, पचमढीहून आलं की लगेच हजर व्हायचं होतं. पोरगी पायावर उभी राहिली म्हणून यमुनेची मान ताठ झाली होती, आणि ती जाणार म्हणून ती मनात दिवसही मोजत होती. तिला लेकीचा एक फोटो हवा होता, आणि तो स्वतःच्या हाताने काढायचा होता. सुमेधने काढलेल्या फोटोंत सुप्रिया ओठ दाबून, मान तिरपी करून उभी असे. आईला रोज दिसणारी पोरगी त्यात कधी नसायचीच. पण 'मला काढायचाय' असं तोंडाने म्हणायची यमुनेला लाज वाटत होती. असली बोटं घेऊन काय बोलायचं?

कापसाचा शेवटचा वेचा आटोपला तसे चौघंही पांढुर्ण्याला गेले, गौरवच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. गौरवने लगेच एक चपटा, चकचकीत कॅमेरा पुढे केला.

"नवीन शिकणाऱ्यासाठी हा एकदम बढिया. मांगं सगळी काचच. जिथं बोट लावलं तिथला फोटो. बटनाची कटकटच नाही."

"पडला तर?" उत्तम म्हणाला.

सुप्रिया खुदकन हसली. सुमेधने कॅमेऱ्यातून समोरच्या दुकानाची पाटी झूम करून पाहिली, अर्धा डझन फोटो काढले आणि फर्मान सोडलं, "हाच घेऊ." मग हलका किती आहे ते पाहायला म्हणून कॅमेरा यमुनेच्या हातात दिला.

सुप्रिया अजून बापाकडे पाहून हसत होती. ते पाहून यमुनेला राहवेना. तिने अंगठा भांगाजवळच्या केसांवर घासला, कपाळावरून फिरवला आणि काचेवर दाबला. पुन्हा घासला, पुन्हा दाबला. कंट्रोलच्या दुकानात राशन घेताना मशीनने अंगठ्याचा ठसा धरला नाही, की अंगठ्याला तेल लागावं म्हणून सगळ्या बायका असंच करतात.

"अहो काकू, काय करून राहिल्या? तेल लागते काचेले!" गौरवने कॅमेरा काढून घेतला आणि फडक्याने पुसू लागला.

"हे का कंट्रोल आहे?" उत्तम खो खो हसला. सुमेधही हसला. यमुनेने हात पदराखाली घेतला. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन उभं राहावं.

हसता हसता सुमेध थांबला.

"आई, तुले फोटो काढायचा होता?"

"नाही रे. असंच."

"खरं सांग नं."

"सुप्रियाचा काढावं म्हटलं एक," ती खाली पाहत म्हणाली. "ते चालली नं आता. मले दिसते तशी पायजे होती."

सुमेधचा चेहरा उतरला. इतके व्हिडिओ पाहिले, पण कॅमेरा कोणाकोणाच्या हातात जाणार हे काही पाहिलं नव्हतं. त्याने तो चपटा कॅमेरा मागे सारला.

"हा नको, भाऊ. बटनवाला दाखवा. चांगलं मोठं बटन पायजे."

गौरवने नाखुशीने खालच्या फळीवरून एक जाडजूड कॅमेरा काढला. "हा आता कोणी मागत नाही. चकरी या हिरव्या खुणेवर ठेवा, बाकीचं तोच पाहते. बटन अर्धं दाबा, बारीक आवाज आला की पुरं दाबा."

यमुनेने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. तिघांना काउंटरजवळ उभं केलं, सरकवलं, जवळ घेतलं. त्या घरात तिचं इतकं कोणी कधी ऐकलं नव्हतं. सुप्रियाने सवयीने ओठ दाबले, मान तिरपी केली. यमुनेचं बोट अर्ध्या बटनावर थांबलं.

"आई, दाब नं!" सुमेध म्हणाला.

"थांब."

"माही मान दुखून राहिली," उत्तम कुरकुरला. "पोलिसानं पकडल्यावानी उभं केलं हिनं."

सुप्रियाने बापाकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. यमुनेने बटन दाबलं. कॅमेऱ्याने ऐकलं.

फोटो पार वाकडा आला होता. सुमेधचा नुसता खांदा होता. उत्तमचं कपाळापासून वरचं सगळं गायब होतं.

"माहं डोकं कुठं गेलं?" उत्तमने विचारलं.

"बिघडला, काकू. पुसून टाकतो, दुसरा काढा," म्हणत गौरवने हात पुढे केला.

"खबरदार!" यमुना म्हणाली, आणि तिने कॅमेरा छातीशी धरला.

सुप्रियाने तो हळूच तिच्या हातातून घेऊन फोटो पाहिला. हसताना डोळे मिटलेले, तोंड उघडं, केसांची बट गालावर.

"आई, मी अशी दिसते?"

"रोज," यमुना म्हणाली.