मानाची सुपारी

कोंडाबाई ओसरीवर बसून तुरीची डाळ पाखडत होती, व्यंकटी शेळ्यांना पाणी पाजून नुकताच टेकला होता, आणि आतल्या खोलीत त्याची लेक धम्मप्रिया दार लावून पिकोलो वाजवत होती. वाजवत होती म्हणजे एकच सूर धरत होती, लांबवत होती, सोडत होती आणि पुन्हा धरत होती. पिकोलो ही पाश्चात्त्य बासरीची, म्हणजे फ्ल्यूटची, धाकटी बहीण. लांबीला तिच्या निम्मी, पण शंभर वाद्यं एकदम गर्जत असली तरी हिचा आवाज सगळ्यांच्या वरून ऐकू येतो. खोलीत सराव करताना धम्मप्रियाला स्वतःच्या उजव्या कानात कापूस घालावा लागायचा.

"आता बस कर की गं! शेळ्या दूध चोरायल्या तुझ्यामुळं," कोंडाबाई ओरडली. नातीचा सूर आतून आणखी वर चढला, आणि म्हातारी हसत हसत सूप आपटायला लागली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. कंधारहून बसने जाता येतं, एवढं पुरे. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटकेचा श्वास सोडतात, असा माझा अनुभव आहे.

नांदेडच्या निवासी शाळेत असताना लष्करातून निवृत्त झालेल्या बँडमास्तरांनी धम्मप्रियाच्या हातात बासरी दिली होती. तिथून ती शिष्यवृत्तीवर चेन्नईला शिकायला गेली आणि पुढे मुंबईतल्या एका मोठ्या वाद्यवृंदात दुसऱ्या फ्ल्यूटच्या खुर्चीवर बसली. पिकोलोचे स्वर आले की तेही तिच्याच अंगावर असत. गावात सांगायची सोय नव्हती. "ऑर्केस्ट्रात हाय" म्हटलं की लोक विचारायचे, "गणपतीत गाणी म्हनती व्हय?" आता जर्मनीतल्या एका वाद्यवृंदाने तिला जूनमध्ये शेवटच्या चाचणीला बोलावलं होतं. ते जमलं तर जन्माची नोकरी. आणि हे सगळं अवलंबून होतं तिच्या दोन ओठांमधल्या बारीकशा फटीवर. म्हणून ती गरम चहा प्यायची नाही, ठेच्याला शिवायची नाही, उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून ओठांना तूप लावून बसायची. "नवरीबी एवढी जपत न्हाई," असं आजी चिडवायची.

त्या दुपारी शेषेराव पाटलाने व्यंकटीला मारुतीच्या पारावर बोलावून घेतलं. शेषेराव माजी सरपंच. गावातलं पाण्यापासून पंचायतीपर्यंत सगळं त्याच्या शब्दावर हलायचं. "गावच्या लेकीनं नाव काढलं, बापाचा सत्कार कराया पाह्यजे," असं म्हणून त्याने व्यंकटीच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. ज्या पाराच्या पायरीवर व्यंकटीचा बाप कधी टेकला नव्हता, त्या पारावर टाळ्या वाजल्या. व्यंकटी घरी आला तो डोळे पुसतच.

"आनि हे काय?" कोंडाबाईने त्याच्या मुठीकडे बोट केलं.

"सुपारी. मान म्हनून दिली पाटलानं."

"ताटातून दिली का हातात?"

"हातात. कामून?"

कोंडाबाईच्या मांडीवरचं सूप सरकलं. डाळ जमिनीवर सांडली, तिकडे तिने पाहिलंही नाही. जी गोष्ट तिने लेकाला आयुष्यात सांगितली नव्हती, ती त्या दुपारी सांगितली. या घराण्याकडे पाटलाच्या वरातीपुढे सनई वाजवायचं काम होतं. हळदीच्या आधी पाटील हातावर सुपारी ठेवायचा. ती घेतली की कबूल. मोबदला काय, तर उरलंसुरलं अन्न. छप्पन्न साली धम्म घेतला, तरी हे काम गावाने पुढे कितीतरी वर्षं सोडू दिलं नाही. शेवटी तिच्या सासऱ्याने शेषेरावच्या बापाची सुपारी परत केली.

"मंग?" धम्मप्रिया दारात येऊन उभी होती.

"मंग त्याहीनं त्याचीच सनई त्याच्या तोंडावर हानली. समोरचे दात गेले. मरेस्तोवर भाकर कुस्करून खाल्ली माझ्या सासऱ्यानं." ती व्यंकटीकडे वळली. "तुला सांगाया लाज वाटायची रे. आता वाटायलंय, सांगितलं असतं तर तू हात पुढं केला नसता."

व्यंकटीला हे पटेना. "माय, ते दिवस गेले. शेषेराव तसा न्हाई."

तो तसा आहे की नाही, हे कळायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. शेषेरावची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. तो बाजेवर बसला, पाणी मात्र घेतलं नाही.

"परवा आमच्या पोराची, सत्यमची वरात. पोरीनं वेशीपासून मारुतीपस्तोर पुढं चालत वाजवायचं. पाव्हण्यांनी बघावं, आमच्या गावात मुंबईची वाजवणारी हाय."

धम्मप्रियाने आवाज चढवला नाही. "काका, मी मांडवात वाजवते. पाहुण्यांत खुर्चीवर बसून. लग्नाची भेट समजा."

शेषेराव हसला. "मांडवात पाव्हणे बसत्यात, बाई. वाजवणारा पुढं चालत असतो."

एवढं सरळ उत्तर पुस्तकातसुद्धा सापडणार नाही. धम्मप्रियाने आतून सुपारी आणली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागेच ठेवले. तिने ती बाजेवर ठेवली. तो उठला, धोतर झटकलं आणि व्यंकटीला हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या शेळ्या कुनाच्या बांधावर चरत्यात, जरा इचार कर." सुपारी तिथेच राहिली. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही, म्हणून कोंडाबाईला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने ज्वारीचा डबा परत पाठवला. पट्टा तुटलाय म्हणाला, आणि मागे गिरणी चालूच होती. किराणा दुकानदाराने मीठ संपल्याचं सांगितलं. बांधावर गेलेल्या शेळ्यांतली एक लंगडत परत आली. वस्तीतल्या शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही, पण संध्याकाळी सगळ्यांची दारं लवकर लागली.

व्यंकटी खचला. "प्रिया, धा मिन्टाचं तर काम हाय. वाजव अन् मोकळी हो. तुला जायचंय, आमाला इथंच ऱ्हायचंय."

हे बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं.

"बाबा, दहा मिनिटांचं असतं तर वाजवलं असतं. मी जर्मनीला गेले की पोळ्याला तुमच्या गळ्यात हलगी अडकवतील. मग नाही म्हणायला तुमच्यापाशी काय राहील?"

व्यंकटीने बाजेवरची सुपारी उचलली. भर गावातून तो पारापर्यंत चालत गेला, बसलेल्या सगळ्यांच्या देखत ती पायरीवर ठेवली आणि "जयभीम" म्हणून परत फिरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने या गावाला नाही म्हटलं होतं. घरी आल्यावर तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. "तू नांदेडची बस धर," तो लेकीला म्हणाला.

"मी गेले तर दार तुमचंच ठोठावतील. लग्न होऊ दे, मग जाते."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर वरात निघाली. वरातीची वाट या वस्तीवरून नव्हती, तरीही ती वळली. डीजे जवळ येत गेला, पत्रे थरथरायला लागले, आणि नेमका व्यंकटीच्या दारापुढे तो बंद झाला. घोड्यावरचा सत्यम मुंडावळ्यांच्या आडून खाली बघत होता. कितीतरी हात वर झाले होते आणि प्रत्येक हातात फोन होता.

"वाजीव म्हनावं," शेषेराव म्हणाला.

कोंडाबाई उंबऱ्यावर आली. धम्मप्रिया तिला मागे सारून पुढे झाली. दोन्ही हात रिकामे होते.

"मी वाजवणार नाही."

दगड आला तो सरळ तोंडावर. ती खाली बसली आणि ओंजळीत रक्त साचलं. कोंडाबाईने नातीचं डोकं छातीशी धरून जो हंबरडा फोडला, तो ऐकवेना म्हणून की काय, डीजे पुन्हा सुरू झाला आणि वरात पुढे सरकली.

नांदेडच्या दवाखान्यात वरचा ओठ शिवला. डॉक्टर भला माणूस होता. "बोलता येईल, जेवता येईल, व्रण फार दिसणार नाही," तो म्हणाला. धम्मप्रियाने व्रणाचं विचारलंच नव्हतं. तिने शिवलेल्या ओठापुढे बोट आडवं धरलं आणि फुंकर मारल्याची खूण केली. डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाला, "आत्ताच काही सांगता येणार नाही." जून तर हातचा गेलाच होता. व्यंकटी भिंतीकडे तोंड करून रडला.

गुन्हा नोंदवायला पोलीस अधिकारी आला. गावात त्याने विचारून पाहिलं होतं. दगड कोणी पाहिला नव्हता. जो तो नेमका त्या क्षणी दुसरीकडे बघत होता, आणि फोनमधलं सगळं पुसलं गेलं होतं. "साक्षीदाराशिवाय अवघड आहे," तो व्यंकटीला सांगत होता, तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अंगावर लग्नातलाच शालू, हातावर ताजी मेंदी. शेषेरावची धाकटी लेक, लातूरला कॉलेजात शिकणारी.

"मी पाहिलंय," ती म्हणाली.

"दगड कोणी मारला?"

"चुलत भावानं. माझ्या फोनात हाय." फोन पुढे करता करता तिचा हात थांबला. "पण त्याच्या आधीचं पयलं लिहा. पप्पा मान हलवून त्याला खुणावतात, ते आधी दिसतं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, हे लिहिलं की तुला त्या घरात परत जाता यायचं नाही. विचार केलास का?"

मुलीने खाटेकडे पाहिलं. धम्मप्रिया टक लावून तिच्याकडे बघत होती. जवळ ये, असंही ती म्हणू शकत नव्हती. कोंडाबाईच सरकली आणि खाटेच्या कडेला तिने जागा करून दिली. मुलगी तिथे बसली.

"पूर्ण नाव सांग."

"सृष्टी," ती म्हणाली. मग स्पष्ट म्हणाली, "सृष्टी शेषेराव पाटील."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. वरातीत अर्धं गाव होतं. अजून तरी साक्षीदार एकच आहे.