कोरडी कबर

अधिक महिन्याच्या वर्षी जिवंतपणी कबर खणून घेतली की म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य वाढतं, असं त्या पठारावर सगळेच मानतात. त्या वर्षी दुसरा महिना दोनदा आला आणि गावातल्या म्हाताऱ्यांची नुसती झुंबड उडाली. कबरी खणणाऱ्या सुन काकाचा भाव असा वधारला, की चालता चालताही तो कुणाशी धड बोलेना. रन शौत्यान म्हातारा मात्र हुशार. त्याने नव्या वर्षाच्या जेवणातच सुन काकाला दारू पाजून तारीख पक्की करून घेतली होती.

कबरीच्या दिवशी त्याची सून लानफांग अंधार असतानाच चुलीला भिडली. खणणाऱ्यांना जेवू घालायचं, तेही नूडल हाताने ओढून, वर मटणाचा रस्सा आणि लाल तिखट. यंत्रातून काढलेल्या नूडल वाढल्या तर सुन काका वर्षभर गावाला ऐकवेल. पण तिचं लक्ष कणकेत नव्हतं. दिशा पाहणाऱ्या माणसाने जागा नेमकी बागेच्या कोपऱ्यात काढली होती, डोकं डोंगराकडे, पाय दरीकडे, आणि तिथे तिने महिन्याभरापूर्वी लावलेली सफरचंदाची रोपं होती.

"दा, जरा पलीकडे सरकून झोपलं तर नाही का चालणार?" असं तिने सासऱ्याला विचारलंही होतं.

"मी आयुष्यभर सरकतच आलोय," म्हातारा म्हणाला होता. "आता मेल्यावर तरी मला नीट पसरू दे."

शेवटी तिने ती रोपं मातीसकट उचलून दुसरीकडे लावली आणि दोन दिवस म्हाताऱ्याशी घुश्शात बोलली.

ती रोपं म्हणजे तिच्या नवऱ्याला बांधून ठेवायची दोरी होती. येनपिंग शीआन शहरात बांधकामावर क्रेन चालवायचा. मुलगी रांगत होती तेव्हा गेला, आणि आता ती तालुक्याच्या शाळेत हॉस्टेलवर राहत होती. मधल्या काळात तो नव्या वर्षाला यायचा, आठवडाभर झोपायचा, घरात पाहुण्यासारखा वावरायचा आणि जायचा. लानफांगने किती हिवाळे खालून जाळ घालून तापवलेल्या झोपायच्या ओट्यावर एकटीने काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. मागच्या वर्षी तिने हट्टच धरला. म्हणाली, "जुनी झाडं उपटू आणि नवी लावू. नवी जात बुटकी असते, तिसऱ्या वर्षी फळ देते. तू ये."

जुनी बाग शौत्यानची. गव्हाच्या रानात सफरचंद लावणारा तो गावातला पहिला. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि नंतर त्याच लोकांनी त्याच्या बांधावर उभं राहून त्याची नक्कल केली. त्या पठारावर नदी नाही, कालवा नाही. जमीन मात्र खोल, खणाल तितकी पिवळी माती, मध्ये ना खडक ना गोटा. पाऊस पडतो तो हळूहळू खाली मुरतो आणि मुळं त्याच्या मागे जातात. त्या झाडांच्या जोरावर मातीच्या घराला विटांचं तोंड आलं आणि येनपिंगचं लग्न झालं. मग अलीकडे फळं लिंबाएवढी व्हायला लागली. "झाडं म्हातारी झाली," शौत्यान म्हणायचा, "माझ्यासारखी." सगळ्या गावाने आपापल्या बागेबद्दल तेच म्हटलं. कुणालाही त्यात शंका आली नाही.

बर्फ वितळल्यावर येनपिंग आला तेव्हा लानफांगने त्याला थेट रानात नेलं. उपटलेल्या झाडाच्या खड्ड्यातली माती मुठीत घेऊन दाबली. लाडू वळावा तशी ती वळली. तिने तो गोळा त्याच्या हातात दिला.

"बघ. ओल आहे का नाही?"

त्याने गोळा बोटांनी फोडून पाहिला. "आहे," तो म्हणाला. "लागली रोपं तर राहतो मी. पण नाही लागली, तर मला पुन्हा राहा म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता, की परतताना ती वाटेत विनाकारण हसत होती.

सुन काका आणि त्याचे दोन गडी रहाट मांडून कामाला लागले. त्या मातीत खणणं म्हणजे चाकूने खरवस कापणं. भिंती सरळ उभ्या राहतात, आधार लागत नाही. पहिल्या परसभर, म्हणजे उभ्या माणसाएवढ्या खोलीपर्यंत, माती ओली होती, पाट्यांमधून गच्च वर येत होती. लानफांग चहा घेऊन आली तेव्हा तिने सवयीने एक मूठ उचलून दाबली. वळली. ती समाधानाने घरी गेली.

रस्सा उकळल्यावर ती पुन्हा आली. आता रहाटावरून येणारी पाटी रिकामी करताना धूर उठत होता. धूर कसला, मातीच होती ती. ढिगाचा रंग फिका पडला होता. तिने वाकून मूठ भरली, दाबली आणि उघडली. माती बोटांमधून निसटली, पिठासारखी.

तिला वाटलं, उन्हाने वाळली असेल. तिने आत्ताच वर आलेल्या पाटीत हात घातला. तीही तशीच.

"काका," तिने खड्ड्यात वाकून विचारलं, "किती खाली गेलात?"

"तीन परस होतील." खालून सुन काकाचा आवाज आला. तो खोकत होता. "अगं, काय माती आहे तुमची! नाकातोंडात जाते. त्या तुंग म्हातारीची कबर आम्ही गव्हाच्या रानात खणली, तर खालपर्यंत नुसती ओल. कडब्याची आग पेटवून वाळवावी लागली. शेवटी विटा लावल्या. तुझा सासरा नशीबवान बघ, राजासारखा झोपेल."

गव्हाच्या रानात खालपर्यंत ओल होती. लानफांग तिथेच ढिगाशेजारी उकिडवी बसली. तुंगांचं रान बांधापलीकडेच होतं. पाऊस दोन्हीकडे तोच पडतो. फरक इतकाच, की इकडे वर्षानुवर्षं सफरचंदाची झाडं होती. बांधाच्या अलीकडे मात्र पहिल्या परसाखाली काहीच नव्हतं. वर होती ती यंदाच्या बर्फाची ओल, आणि तिने त्याच ओलीचा गोळा करून नवऱ्याच्या हातात ठेवला होता. कोवळी रोपं ती ओल पिऊन पालवली होती. पुढे जूनचं ऊन पडलं की वरचं संपेल, मुळं खाली जातील, आणि खाली पीठ. पाऊस ते भरून काढेल, नाही असं नाही. पण वर्षाकाठी चार बोटं मुरणाऱ्या पाण्याने एवढी खोली भरायची तर तिची मुलगी आजी होईल. अंगणातल्या टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याने तर नुसता वरचा थर भिजेल. कुणाला सांगायचं आणि सांगून काय व्हायचं, हे तिला कळेना.

शौत्यान काठी टेकत आला. ढिगातली चिमूटभर माती त्याने अंगठ्याने चोळली, जिभेवर ठेवली आणि बराच वेळ तशीच धरली. मग तो थुंकला.

"झाडं म्हातारी नव्हती गं," तो हळूच म्हणाला. "तहानलेली होती."

"दा, येनपिंगला..."

"तो खाली जाणारच आहे," म्हातारा म्हणाला. "मुलाला जावंच लागतं."

ते खरंच होतं. कबर खणून झाली की थोरल्या मुलाने खाली उतरायचं, नव्या केरसुणीने तळ झाडायचा आणि पाठमोरं मागे मागे यायचं. वरून सगळे विचारतात, घर कसं आहे? त्याने खालून सांगायचं, कोरडं आहे. मग वर दारू ओततात. ओली कबर वंशाला सोसत नाही, म्हणून ओली असली तरी मुलगा कोरडीच सांगतो. सगळ्यांना ते माहीत असतं आणि कुणी हरकत घेत नाही.

दुपारपर्यंत निम्मं गाव जमलं. आलेला प्रत्येक जण ढिगातली माती हातात घेई आणि शौत्यानची पाठ थोपटे.

"काय नशीब काढलंस, रन म्हाताऱ्या! शंभर वर्षं पेटी सडणार नाही."

"अहो, मी मुद्दाम वाळवून घेतली," शौत्यान म्हणाला. "इतकी वर्षं झाडांना पाजून पाजून." लोक खो खो हसले. तोही हसला. लानफांगला तो हसताना बघवेना, म्हणून ती पेले पुसत राहिली. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या रानात सफरचंदाची झाडं होती.

येनपिंग केरसुणी घेऊन दोराला धरून उतरला. सकाळपासून तो तालुक्याला दारू आणायला गेला होता, आत्ताच परतला होता; त्याने माती पाहिलीच नव्हती. खालून झाडण्याचा आवाज आला. मग तो थांबला. खाली बाजूला कोरलेल्या पोकळीत तो दिसत नव्हता. भिंतीला काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, आणखी एकदा, जरा दूर.

"येनपिंग," सुन काकाने वरून सुरात विचारलं, "बापाचं घर कसं आहे रे?"

खालून उत्तर आलं नाही.

"झोपला की काय?" कुणीतरी म्हणालं. "बापाची जागा आहे ती, तुझी नव्हे." पुन्हा हशा पिकला.

लानफांग काठावर आली. खाली अंधारात तिला त्याचा हात तेवढा दिसला. मूठ उघडलेली होती.

"घर कसं आहे?" सुन काकाने पुन्हा विचारलं.

"कोरडं आहे," येनपिंग म्हणाला. मग थोड्या वेळाने, आवाज न चढवता, "पार खालपर्यंत कोरडं आहे."

सगळ्यांनी पेले उचलले. शौत्यानने पहिला पेला जमिनीवर ओतला. मातीने तो लगेच पिऊन टाकला, डागसुद्धा राहिला नाही. दुसरा त्याने एका दमात स्वतः प्यायला.

येनपिंग वर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानात माती होती. लानफांगने पदरासारखं बांधलेलं फडकं सोडून त्याचं डोकं झटकलं. माती सहज झडली. तो उभा राहिला, लहान मुलं केस पुसून घेताना राहतात तसा. मग तो जेवायला बसला आणि वाटी पुढे करून म्हणाला, "नूडल छान झाल्यात." दुसऱ्यांदाही मागून घेतल्या. तो काही म्हणणार नव्हता. रोपं डोळ्यांदेखत वाळेपर्यंत तो राहिला असता, रोज बादल्या वाहिल्या असत्या, आणि तिला एका शब्दाने बोलला नसता. तेच तिला जास्त असह्य झालं असतं.

पाहुणे पांगले. म्हातारा दारूच्या तारेत ओट्यावर आडवा झाला. दोघं ताटं घासायला अंगणात बसली, आणि शेवटी लानफांगनेच विचारलं.

"क्रेनवर अजून घेतील का रे तुला?"

येनपिंगने हातातली वाटी दोनदा विसळली.

"घेतील," तो म्हणाला. "मुकादमाचा फोन येतोच आहे."

"मग येतो म्हण त्याला."

ती उठली. ताटं विसळलेलं पाणी बादलीत उरलं होतं. ते घेऊन ती बागेत गेली. रोपांना अजून काही कळलेलं नव्हतं. पानं हिरवीगार होती, वाऱ्याने हलत होती. तिने पहिल्या रोपाच्या बुडाशी पाणी ओतलं, ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं, आणि दुसऱ्या रोपाकडे गेली.