ग्रेडरसाहेबांची रुई

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस खऱ्या अर्थानं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं श्रावणरावांनी घाटंजीतल्या आपल्या घरात एका सकाळी जाहीर केलं. जाहीर केलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसून बायकोच्या खाटेखालची ओल पुसत होते. ऐकायला बायकोच होती, आणि तीही भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सत्यशीलाबाईंना हिवाळ्यात लकवा मारून गेला. बोलणं परत आलं, डावा हात-पाय अर्धामुर्धा आला, लघवीवरचा ताबा मात्र आला नाही. मुलगा धम्मदीप नोकरीनिमित्त नागपूरला. श्रावणराव कापूस खरेदी केंद्रावरून कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून रिटायर झालेले, रिकामे. तेव्हा सेवा त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती शास्त्रशुद्ध चालवली. सकाळी फिनाइल, दुपारी कापूर, संध्याकाळी उदबत्तीचा अख्खा पुडा, पाहुणा येणार असला तर पडद्याला अत्तर. शिवाय बाईला पाणीच कमी पाजलं तर पुढचा प्रश्न उरत नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध. घरात वास नाही, असं त्यांचं नाक त्यांना रोज सांगे. तेही त्यांच्यासोबतच रिटायर झालं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास लागला. दरवर्षी या तीन महिन्यांत गल्लीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून संध्याकाळी सत्यशीलाबाईंकडे जमत आणि धम्मग्रंथ त्या वाचत. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून ऐके. यंदा दोन दिवस वाचन झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या इंदूबाईंचा निरोप आला, की ताईले तकलीफ नोको, म्हून वाचन आमच्याकडे ठेवलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून दुसऱ्या कोणाचं तरी अडखळत चाललेलं वाचन ऐकू आलं, तेव्हा सत्यशीलाबाई म्हणाल्या, "धम्मदीपचे बाबा, आपल्या घरात वास येते काय?"

"बिलकुल नाई."

"मंग बाया काहून नाई आल्या?"

ग्रेडरकडे उत्तर नसलं तरी कापूस असतो. त्या सालांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. पुतण्या प्रफुल्लकडे जेवायला बसायचं तर आधी घरात न विकता पडलेला कापूस सरकवावा लागे. नोकरीच्या काळात केंद्रावर लोक वजन वाढवायला कापसावर पाणी मारून आणत, आणि श्रावणराव गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून "ओला हाय, वापस" म्हणत. त्यावरून त्यांचा सिद्धांत पक्का झाला होता, की पिण्यात कापसाचा हात कोणी धरणार नाही. घाटंजीतले दोन-चार इसम सोडून.

ओळखीच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, त्यांनी एक नंबरची रुई आणली, लांब धाग्याची, दुधासारखी. जुन्या चादरींत भरून स्वतः टाके घातले आणि सहा छोट्या गाद्या शिवल्या. पहिली बायकोखाली सरकवताना म्हणाले, "आता बिनघोर राय. एक थेंब खाली आला तं नाव बदलतो."

अर्ध्या तासात नाव बदलायची वेळ आली. थेंब कसला, सारंच्या सारं रुईतून वाट काढून खाली गेलं, गोधडीत शिरलं, खाटेच्या नवारीत मुरलं. रुई कमी पडली असेल म्हणून त्यांनी गादी दुप्पट जाड केली. मग तिप्पट. सत्यशीलाबाई हळूहळू छताच्या जवळ जाऊ लागल्या, आणि ओल जमिनीच्या. आठवडाभरात ती नवार अशी काही दरवळू लागली, की उदबत्ती शरमेनं विझावी.

अशात इंदूबाई भाजीचा डबा परत द्यायला आल्या. दारातच त्यांचा पदर नाकाशी गेला आणि घाईनं खाली आला. तेवढ्यात श्रावणरावांनी पाहिलंच.

"खरं सांगा इंदूबाई, वास येते?"

"येते, भाऊजी." मग समजूत घालावी तशा म्हणाल्या, "लघवीचा कमी, तुमच्या अत्तराचा जास्त. दोन्ही मिळून डोकं फिरवते."

इंदूबाईंची हयात जिनात रुई उचलण्यात गेलेली. त्यांनी गादी चाचपली. "यात काय भरलं?"

"रुई. एक नंबर."

"जिनातली? कच्ची?" इंदूबाईंनी लोटाभर पाणी मागितलं, गादीच्या फटीतून चिमूटभर रुई ओढली आणि लोट्यात टाकली. रुई तरंगत राहिली. श्रावणरावांनी ती बोटानं बुडवली, ती वर आली. पुन्हा बुडवली, पुन्हा वर.

"कच्च्या रुईले अंगचा तेलकटपना रायते, भाऊजी. पानी नाई पीत ते. दवाखान्यातला कापूस उकळून धुतलेला असते. तुमी चाळीस साल काय पाहून राह्यले होते?"

"धागा," श्रावणराव म्हणाले. "लांबी पाहून राह्यलो होतो."

खाटेवरून खुसखुस ऐकू आली. सत्यशीलाबाई हसत होत्या, लकव्यानंतर पहिल्यांदा.

"हसा," श्रावणराव लोट्यात पाहत म्हणाले. "फक्त सरकारले नोका सांगू. पेन्शन वापस मांगतीन."

"आन् ताई, तुमचे ओठ काहून असे फाटले? पानी नाई पीत काय?" इंदूबाईंनी खाटेजवळ जाऊन विचारलं.

"हे देत नाईत."

इंदूबाई श्रावणरावांकडे वळल्या. "पानी तोडलं तं लघवी घट्ट होते, भाऊजी. म्हून तं इतका वास मारते."

त्या दिवसापासून ग्रेडर इंदूबाईंच्या हाताखाली उमेदवारीला लागले. नवार सोडून सोड्याच्या पाण्यात धुतली. अंथरायला धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी, त्याखाली मेणकापड. दर दोन तासांनी बदलायचं, अंग कोमट पाण्यानं पुसून कोरडं करायचं, ओलं कापड झाकणाच्या बादलीत. खिडकी उघडी. अत्तर बंद. पावसात लुगडी वाळत नसत, तेव्हा श्रावणराव एकेकाला इस्त्री फिरवत आणि डोळे मिटून हातानं ओलावा पाहत. दोन लुगडी त्यांनी जाळली, पण ओलं एकही पास केलं नाही.

पंधरा दिवसांनी इंदूबाईच बायांना घेऊन आल्या. पांढऱ्या लुगड्यांनी खोली भरली. पदर नाकाशी कोणाचाच गेला नाही. श्रावणरावांनी एकेक मोजून पाहिला. सत्यशीलाबाईंच्या पाठीशी उशा लावल्या, ग्रंथ समोर ठेवला. त्या वाचायला लागणार, तोच श्रावणराव घसा खाकरून उभे राहिले.

"भगिनींनो, वाचनाआधी दोन शब्द. दुर्गंधी ही मुळात अज्ञानाची अवस्था आहे. कच्च्या रुईचा धागा आपण पाण्यात टाकला, तर..."

सत्यशीलाबाईंनी चांगल्या हातानं त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"धम्मदीपचे बाबा, ते मंग सांगा," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आंधी माह्यं लुगडं बदलून द्या. ओलं झालं."