मधल्या खणाची हद्द

कतारमधल्या अल वक्रा शहरातल्या एका खोलीत घुरघुरणारा मी एक जुना फ्रीज आहे. नवा होतो तेव्हा माझ्या अंगावर 'बर्फ साचत नाही' असा कागद चिकटवलेला होता. कागद निघाला आणि बर्फ साचू लागला.

मित्रांनो, मला तीन खण आहेत. वरचा मच्छिंद्रचा. तो इलेक्ट्रिशियन, गळ्यात माळ. खालचा किसनचा. तो हमद पोर्टवर क्रेन चालवतो, आणि मासळीशिवाय जेवत नाही. मधला नंदू ड्रायव्हरचा. एकदा मच्छिंद्रच्या घरून आलेल्या पेढ्यांना बोंबलांचा वास लागला आणि युद्ध पेटलं. दोघांचं बोलणं बंद झालं. राग काढायला माझं दार होतंच. पुढे दोघंही मोबाइलवर आपापला नवा फ्रीज बघू लागले. खोलीत तीन फ्रीज मावत नाहीत, म्हणजे मी भंगारात.

नंदूने तटस्थता जाहीर केली. "माझ्या हद्दीत जे शिरेल, ते अडकवून ठेवणार. लढाई मिटेपर्यंत सुटका नाही. तटस्थ देश असंच करतात."

सीमेवर त्याने लाल टेप लावली. ती मच्छिंद्रकडून मागून आणलेली. कैद्यांसाठी टोपली ठेवली. ती किसनची.

वरच्या खणात गोठतो म्हणून मच्छिंद्रने ठेच्याची बरणी मध्ये सरकवली. अडकली. सुरमईने खालचा खण भरला म्हणून किसनने विरजलेलं दही मध्ये ठेवलं. तेही अडकलं.

शुक्रवारी किसन मासे तळत होता. "नंद्या, चमचाभर ठेचा दे की."

"कैद्याला भेटता येईल. खाता येणार नाही."

"देश म्हणे! भाड्याच्या खोलीतला खण तो!"

"म्हणूनच जपतोय."

मच्छिंद्र ताटावर बसून होता. "किसनच्या दह्याविना भात उतरत नाही, गड्या."

"मग त्यालाच सांग."

किसनने तेलातला मासा उलटला. मग भिंतीकडे बघत तो म्हणाला, "मासे घट्ट डब्यात ठेवले तर?"

"रबरी झाकणाचा डबा आहे माझ्याकडे," मच्छिंद्र ताटाकडे बघत म्हणाला.

"लढाई खलास!" म्हणत नंदूने टोपली रिकामी केली.

नव्या फ्रीजचा विषय त्या जेवणातच संपला. नंतर नंदू टेप काढायला आला, तेव्हा दोघंही एकदमच ओरडले, "राहू दे रे!"

मी सुखात आहे. मित्रांनो, भांडा खुशाल. पण मधे उभा असतो त्याचं दार आपटू नका. आणि अधूनमधून त्याचा बर्फ काढा.